कारणाचा रकाना

फुजैराच्या बंदरामागे, डोंगराच्या कोरड्या पायाशी
आमचं ऑफिस. दोन एसी, त्यातला एक गळका.
गळक्याखाली बादली, बादलीशेजारी माझं टेबल.
बुडालेल्या, जळालेल्या, फुटलेल्या वस्तूंचे
दावे इथे येतात.

मंगळवारी पहाटे तेलाच्या बार्जला
पाण्याखालून काहीतरी चिकटलं होतं, ते फुटलं.
पंपमन निजाम सोलकर, वय एकेचाळीस, राहणार बाणकोट.
बाकीचे सहा जण वाचले
कारण चहा वरच्या डेकवर होता.

जबाबदारी कुणी घेतली नाही.
युद्ध कुणी पुकारलं नाही.
एका चॅनेलवर हल्ला, दुसऱ्यावर घटना,
बंदराच्या पत्रकात नुसता 'प्रकार'.

पॉलिसीत मात्र रकाना आहे: नुकसानीचे कारण.
युद्ध असेल तर कंपनी हात वर करते.
दहशतवाद असेल तर जादा हप्ता भरलाय का बघा.
भरला होता. मार्चअखेरपर्यंत.
म्हणजे सुरुंग लावणारा
पगारी होता की बिनपगारी,
त्याच्या खांद्यावर फीत होती की नव्हती,
यावर बाणकोटच्या घराची कौलं.

मी कागदावर लिहिलं: हर्ब. इरहाब.
म्हटलं, अदनानसाहेब, अक्षरं तीच की हो,
ह, र, ब. नुसती हलवलेली.
ते हसले नाहीत.
"युद्धातला ह घशाच्या तळातून येतो. दुसरा नुसता श्वास.
आमच्या लिपीत ते दोन आहेत.
माझं गाव गेलं तेव्हा एकानं हा लिहिला, एकानं तो.
आम्ही अजून भांडतोय, कुठला."
देवनागरीत माझ्याकडे एकच ह.

हलिमाबींना पत्र मराठीत जायचं, ते माझं काम.
लिहिलं: आपले पती कामी आले.
खोडलं. कामी येतात ते लढाईत,
आणि हा तर कामालाच आला होता.
लिहिलं: बळी पडले.
बळी म्हटलं की कुणीतरी कुठल्यातरी देवाकडे
काहीतरी मागितलेलं असतं.
लिहिलं: दगावले.
तापानं दगावतात, बाळंतपणात दगावतात.
त्यात कुणाचाच हात दिसत नाही.
खोडलं.

तेवढ्यात त्यांचाच फोन.
"बाय, लोक विचारतात कशात गेला. काय सांगू?
पोराला शाळेत विचारलं, तुझा बाप कुठल्या बाजूचा होता?
तो शब्द नका घालू. निजामच्या नावाशेजारी तो शब्द नको."
तोच शब्द पैसे देणारा.
मी हे सांगितलं. पलीकडे बराच वेळ
कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

अदनानसाहेबांनी फॉर्मवर तो लिहिला, पेन झटकून.
म्हणाले, एखाद्या देशानं केलं असेल
तर या एका शब्दानं तो सुटला.
आणि नसेल लिहिला, तर ती बाई सुटत नाही.

पत्रात मी दोन वाक्यं केली.
ज्यांनी हे केलं त्यांना कंपनी दहशतवादी म्हणते.
निजाम सोलकर पंपमन होते.
मधल्या पूर्णविरामावर पेन एवढा वेळ टेकला
की मागच्या पानावर डाग उमटला.

बादली भरली होती.
मी ती नेऊन ओतली.