ऋकार

खडेबाजारातल्या आमच्या छापखान्यात
मराठीची केस खिडकीशी, कानडीची भिंतीशी.
मधे मी. जुळारी. एकोणतीस वर्षं.

बडिगेर सर यायचे ऑक्टोबर संपता संपता,
ऊन असलं तरी छत्री काखेत,
आणि त्यांचं पत्रक असायचं मराठीत.
"तुमच्या माणसांनी वाचायला हवं ना," म्हणायचे.
ऱ्हस्वदीर्घाचा नुसता चिवडा.
सीमेबद्दल ते जे लिहीत
त्यातलं एक अक्षर मला पटत नसे
आणि प्रत्येक अक्षर माझ्या चिमटीतून जाई.

एकदा मथळा होता : आमचे मत.
वीज गेलेली. मालक जेवायला.
कोपऱ्यातल्या खणात ऋकाराचा खिळा,
तांदळाच्या कणीएवढा.
'म'च्या पायाशी तो बसवला असता
तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या बेळगावात
सरांचं मत मृत निघालं असतं.
नजरचूक म्हणून खपलंही असतं.

बराच वेळ तो बोटांवर होता.
शिसं लवकर गरम होतं.

"वाचूलास, की नुसतं जुळवूलास?"
सर दारात. प्रूफ बघायला आलेले.
मी म्हटलं, "दोन्ही."
"मग भांड की माझ्याशी. गप्प का?"

भांडलो. त्यांची शेवटची बस चुकेपर्यंत.
काही ठरलं नाही.
त्यांच्या 'इतीहासा'तली वेलांटी मात्र मी नीट करून दिली :
चुकायचंच असेल माणसाला
तर शुद्ध लिहून चुकू दे.

पुढच्या आठवड्यात आमच्या बाजूचं पत्रक निघालं.
त्याचं प्रूफ मी काढलंच नव्हतं.
पटलेलं कोण तपासतो?
चौथ्या दिवशी सर आले, पत्रकाची घडी खिशात,
तिसऱ्या परिच्छेदातल्या सालाखाली लाल रेघ.
साल चुकलं होतं. चांगलं दहा वर्षांनी.
हजार प्रती वाटून झाल्या होत्या,
आमच्यातल्या कुणालाच दिसलं नव्हतं.
शेवटपर्यंत वाचणारा निघाला तो हा एकटा.

जुळाऱ्याला अक्षरं उलटी वाचायची सवय असते.
सगळीच. आपल्या बाजूचीसुद्धा.
कागदावर उमटल्याशिवाय
ती सुलट होत नाहीत.

छापखाना बंद झाला, खिळे किलोवर गेले.
मी एकच ठेवून घेतला.
सर अजून भेटतात गणपत गल्लीच्या तोंडाशी,
अजून चुकतात,
माझ्याबद्दल तेही हेच सांगत फिरतात.
सुरू झाले की सदऱ्याच्या खिशात
माझं बोट त्या कणीला लागतं
आणि मी म्हणतो, बोला.