कानाचं हाड

हाड कानाचं आहे. आतल्या कानाचं,
माझ्या अंगठ्याच्या पेराहून लहान.
दोन जोड हातमोजे, पांढरा झगा, तोंडावर पट्टी:
हे माझ्या रक्षणासाठी नाही,
माझ्यापासून तिला जपायचं आहे.
माझी एक शिंक, एक सुटलेला केस,
आणि तीन हजार वर्षांपूर्वीची पोर
तार्तू शहरातल्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईसारखी
दिसू लागेल आकड्यांत.

ड्रिल सुरू होतं. वास येतो
दातांच्या दवाखान्यात येतो तोच.
केर्तु म्हणायची, होते सवय.
तिनं गेल्या मे महिन्यात नोकरी सोडली.

पीठ पडतं. चिमूट म्हणायलाही कमी,
कणीक मळून हात धुतल्यावर नखांत राहतं तेवढं.
त्याच्याबरोबर आणखी एक नळी ठेवायची, रिकामी.
तीही सगळ्या पायऱ्या चढते इतरांसोबत,
तेच द्रव, तीच ऊब, तेच यंत्र.
तिच्यात कुणी सापडलं तर आम्ही खोटे.

सांगाड्यात हे हाड सगळ्यांत घट्ट,
आणि सगळ्यांत आधी पुरं होणारं,
आईच्या पोटातच.
बाकीची हाडं जन्मभर स्वतःला मोडतात, बांधतात.
हे बदलत नाही.

*

सारेमा बेटावर, कारुस्ते गावाबाहेर,
ज्युनिपरच्या झुडपांत
सामूहिक शेताचा ट्रॅक्टर अडखळला होता
चुनखडीच्या पेटीवर. त्या वर्षी आस्ता जन्मली.
पेटीत दोघी.
मोठी कुशीवर, धाकटी तिच्या दंडाची उशी करून.

जुन्या शाळेतली एक खोली म्हणजे संग्रहालय.
काचेखाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पिवळी पडलेली शाई:
आई आणि लेक.
किल्ली आस्ताकडे. रविवारी उघडते,
हिवाळ्यात कुणी मागितली तरच.
दिवस गेलेल्या बायका गुपचूप येऊन
काचेला हात लावून जायच्या, ती सांगते,
आणि सवयीनं काच पुसते.

*

मार्चमध्ये आकडे आले.
आई-लेक नाहीत.
बहिणी नाहीत, मावशी-भाची नाहीत,
लांबची म्हणावी अशीही नाती नाहीत.
मोठीचं गोत याच किनाऱ्याचं.
धाकटीचं समुद्रापलीकडचं, पश्चिमेचं.
कशी आली, ते पीठ सांगत नाही.
विकत? पळवून?
की फुटक्या होडीत एकटीच उरलेली?

कागद घेऊन मी फेरीत बसले.
आस्तानं चष्मा लावून दोनदा वाचला,
मधल्या आलेखावरून बोट फिरवलं,
जसं शिळं दूध चाखावं तसं तोंड केलं.

"मग डोक्याखाली दंड कुणाचा होता?"

मोठीचाच, मी म्हणाले.

"तिनं स्वतः ठेवला?"

मेलेलं माणूस हात कसा ठेवील.
पुरणाऱ्यांनी ठेवला असणार.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली,
"कुणाला कुणापाशी निजवायचं."

मी म्हणाले, पुठ्ठ्यावरचं चूक आहे,
निदान एक ओळ खाली जोडायला हवी.
तिनं धुरावलेला मासा कागदात बांधून दिला.
"जोड की," म्हणाली, "पेन्सिलीनं."

*

परतीच्या फेरीत वारा होता. मासा खारट होता.
ज्या कानाला मी भोक पाडलं
तो घडला कुण्या दुसऱ्याच बाईच्या पोटात,
पलीकडच्या किनाऱ्यावर,
पाण्याच्या भिंतीतून तिचाच आवाज आधी ऐकत.
नंतर कधीतरी, दुसऱ्या भाषेत,
दुसऱ्या कुणाची हाक आली की वळायला शिकला असेल.
आधी वळला नसेल. मग एकदा वळला असेल.

मांडीवर घेतलेलं मूल
हाडात दिसत नाही.

अहवालाच्या शेवटच्या पानावर नियमाप्रमाणे लिहिलंय:
रिकाम्या नळीत
कुणीही आढळलं नाही.