साल

फेब्रुवारी सरता सरता खारघरच्या डोंगराला
रात्री केशरी किनार लागते.
खाली सेक्टर पस्तीसच्या गॅलऱ्यांत लोक मोबाईल धरून उभे,
कुणी एकशे एकला फोन लावतं,
कुणी वाळत घातलेल्या चादरी आत ओढतं, काजळी नको म्हणून.

मी तिसऱ्या दिवशी चढते.
पिशवीत टोच्या, पट्टी, पानांसाठी लिफाफे,
पुढे फणसवाडीचा हिरू शिंगवा,
मुलाच्या जुन्या फुटबॉलच्या बुटांत.
राख अजून कोमट. जळकं गवत पापडासारखं मोडतं.

टोच्या सालीत दाबायचा,
लाकूड लागलं की थांबायचं, आकडा वाचायचा.
ऐन: एकोणीस मिलिमीटर.
कुंभा: सव्वीस.
ओहोळापलीकडे, आग जिथे पोचत नाही,
तिथला तेवढ्याच घेराचा कुंभा: सतरा.
दोन्हीकडचं बी मी वाशीला, कॉलेजच्या मागे,
एकाच मातीत लावलंय. एकच पाणी, एकच ऊन, आगीचा वासही नाही.
तरी इकडची रोपं जाड कातडीची निघतात,
न आलेल्या वणव्यासाठी
चिलखत घालून बसलेली.

म्हणजे फरक रक्तातला. नखाएवढा.
तेवढ्यासाठी किती झाडं गेली
त्याला माझ्या वहीत रकाना नाही.

हिरूच्या दंडावर भाजल्याचा डाग आहे,
मध काढताना चूड निसटली तेव्हाचा.
"पोराला नाही आला," तो म्हणतो, "बघितलंय मी नीट, जन्मला तेव्हाच."
नाही येत.
जळलेलं झाड आपलं जळणं बियांत लिहीत नाही.
आग कुणाला काही शिकवत नाही,
येते, पातळ सालीचे घेऊन जाते,
उरतात त्यांचीच पुढे पोरं होतात.
माझं सगळं शास्त्र एवढंच,
आणि ते सांगताना
मला दर वेळी घसा साफ करावा लागतो.

चाफ्याच्या टेपावरचे सतरा पळस.
सतरा लिफाफे, सतरा वेळा पानं वाटली, महिनाभर यंत्राची वाट पाहिली.
उत्तर आलं: एक.
सतरा खोडं, एकच झाड,
जळलं की मुळातून वर येणारं,
पुन्हा जळणारं, पुन्हा येणारं.
हिरूला सांगितलं तर तो हसला.
"ती बहिणी-बहिणी नाहीत, बाय. एकच बाई आहे ती.
सतरा दारांतून डोकावते."

पूर्वी म्हणे पाच-सहा वर्षांनी एकदा पेटायचा डोंगर.
आता दर वर्षी. कधी सिगारेट, कधी कुणाचा जमिनीवर डोळा.
बी रुजतं, वीतभर होतं,
आणि आग येते.
मूळ तेवढं वाचतं, तेच ते पुन्हा वर पाठवतं.
पत्ते पिसायला उसंत नाही,
तोच डाव, त्याच हातात.
साल म्हणजे वर्ष, साल म्हणजे झाडाची कातडी;
एक साल जाड व्हायला सात सालं लागतात.
भाषेला ठाऊक होतं.

उतरताना, दगडाच्या आडोशाला,
एक पळस दिसला. बियाचा. मुळाचा नव्हे,
हिरूने उकरून दाखवलं, बियाचं टरफल अजून चिकटलेलं.
साल मोजण्याजोगीच नाही, कागद.
मी लिहिलं: नमुना एक्केचाळीस. पुढच्या वणव्यानंतर पाहणे.

हिरू काही बोलला नाही.
बुटाच्या टाचेने त्याने भोवतीचं वाचलेलं गवत खरवडायला घेतलं,
परातीएवढं, मग गाडीच्या चाकाएवढं,
निव्वळ माती दिसेपर्यंत.
असं करायचं नसतं.
आपण हात लावला की मोजमाप खोटं होतं.

खाली सिडकोचे दिवे लागत होते.
मी पट्टी काढली, दुसऱ्या बाजूने माती ओढू लागले,
मग वहीत एक्केचाळीसवर काट मारली.
शेरा: वगळला.