उलटा पंखा

कुताइसीत आमची बेकरी तळघरात,
आणि बेकरीच्या मागे, पिठाच्या पोत्यांना टेकून
माझं टेबल.
रात्री मी स्वयंपाकघरं रंगवते,
कुठल्याशा जर्मन कंपनीसाठी:
पांढरे ओटे, बिनडागी नळ,
खिडकीतून तिरका पडणारा, मी ठरवलेला उजेड.
त्या ओट्यांवर कधीच कुणी कणीक मळलेली नसते.

ऑगस्टात कॉम्प्युटर बंद पडू लागला.
चौऱ्याण्णव अंश, पंच्याण्णव, पंख्यांची किंकाळी,
मग काळोख, आणि काळ्या पडद्यात माझंच तोंड.
अर्धवट राहिलेलं एक सिंक.

वडील पहाटे तीनला येतात, तोने पेटवायला.
ओतार, वय एकसष्ट, भुवया कायमच्या जळक्या.
मातीच्या त्या तापल्या रांजणात कंबरेपर्यंत वाकून
पंचेचाळीस वर्षं भिंतीला शोती चिकटवत आलेत.
म्हणाले, उघड बघू.

उघडलं.
आत पीठ.
धूळ नव्हे, पीठ. प्रोसेसरवरच्या पत्र्यांच्या फटीफटीत
दमट होऊन बसलेलं,
नखानं खरवडलं तर पापुद्राच निघाला.
वडिलांनी तो जिभेवर ठेवला.
"जुनं आहे. बेसो होता तेव्हाचं."

बेसो माझा भाऊ. हे यंत्र त्यानंच जोडलेलं,
एका रविवारी, फरशीवर मांडी घालून,
मला हातही लावू न देता.
दुसऱ्या वर्षी पोलंडला गेला, गोदामात कामाला.
तेव्हापासून त्याचं माझं बोलणं
आईच्या फोनमधून, आईच्या खांद्यावरून,
आणि तेही सणासुदीला.

ब्रशनं झाडलं. सुकलेली पेस्ट पुसून
तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली.
पुढे लोंबणाऱ्या वायरींची वेणी घालून
मागच्या पत्र्याआड कोंबली.
चालू केलं. ब्याण्णव.

वडिलांनी फळीवरून चर्चमधली मेणबत्ती काढली,
पिवळी, बारीक, अर्धी जळलेली.
पेटवून फुंकली, आणि तो धूर
पुढच्या जाळीपाशी धरला. आत गेला.
मागे धरला.
तिथूनही आत गेला.

"हवेला वाट हवी," ते म्हणाले.
"इथं दोन्ही दारांतून पाहुणे येताहेत
आणि उठायला कुणीच तयार नाही."

मागचा पंखा उलटा होता.
कडेला नखाएवढा एक बाण असतो,
हवा कुठं जाणार ते सांगणारा.
बेसोचा बाण आत बघत होता.
सहा वर्षं दोन पंखे एकमेकांच्या तोंडावर
पूर्ण ताकदीनं ओरडत होते
आणि मधे ते बिचारं तापत होतं.

चार स्क्रू. तीन सारखे,
चौथा लांब, पितळी,
त्याच्या सायकलच्या घंटीचा.
तिथं माझा हात थांबला.
वडील उगाचच तोनेकडे बघत राहिले.
मग काढला. पंखा फिरवला.
तोच स्क्रू परत लावला, तिरका जात होता तरी.

एकाहत्तर.

आईच्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा कापून
पुढच्या जाळीवर ताणला, पिठाला अडवायला.
मागे तळवा धरला तर कोमट हवा,
ताज्या पावांवरचं फडकं उचलावं तशी.

सकाळी मीच फोन लावला, माझ्या फोनवरून.
"बाण?" बेसो म्हणाला. "कसला बाण?"
मग बराच वेळ कुणीच काही नाही,
नुसता त्याच्या गोदामात मागे सरकणाऱ्या
कुठल्यातरी गाडीचा पीं पीं आवाज.

"बरं, आता किती दाखवतंय?"

"सत्तर," मी म्हटलं.
एक अंश मी पदरचा सोडला.