पाच मिनिटं उशिरा

नोझवर्दी बाईंनी वर्गात टोपी फिरवली,
लोकरीची, कानाशी उसवलेली.
आत चिठ्ठ्या, एकेका चिठ्ठीवर
एकेक बिनकामाची वस्तू.
"विका," म्हणाल्या, "मला नको, एकमेकांना विका."
आणि पावाच्या पिशवीला लावतात ना,
ते प्लास्टिकचे चिमटे, माणशी दहा वाटले.
हेच चलन.
(वर्षभर जमवत होत्या. त्यांच्या घरी पाव फार खपत असावा.)

ट्विलिंगेटमधली मे महिन्यातली दुपार.
खिडकीबाहेर खाडीत हिमनग अडकलेला,
दोन दिवस जागचा हलला नव्हता,
शिक्षा म्हणून बाहेर उभा केल्यासारखा.

टेस पार्डीला भोकं पडलेली छत्री आली.
"पाऊस पडतोय की थांबला,
हे छत्री न मिटता कळतं," ती म्हणाली.
चौदा चिमटे.
क्लूनी राइडआउटला बरणीतलं धुकं.
"अरे, इथे ते फुकट मिळतं!" मागून कुणीतरी ओरडलं.
क्लूनी शांत. बरणी उजेडात धरून म्हणाला,
"ते ताजं. हे मुरलेलं आहे."
एकवीस!
मला आला एका पायाचा मोजा.
मी म्हटलं, दुसरा हरवणारच असतो,
त्याचे पैसे आधीच का भरायचे?
नऊ मिळाले, आणि त्या दिवसापासून
बोलणाऱ्याची माती खपते यावर माझा विश्वास बसला.
आज मी गँडरला विमा विकतो,
म्हणजे बघा.

मग गार्लंड ॲन्स्टी उठला.
तो उठला की आम्ही सगळे बाकाकडे बघायचो,
त्याला बोलायला जागा व्हावी म्हणून.
त्याची चिठ्ठी: पाच मिनिटं उशिरा वाजणारं गजराचं घड्याळ.
'घ'वर अडकला.
भिंतीवरचं घड्याळ दोनदा टकटकलं,
बाई खडूकडे बघत राहिल्या,
आम्ही मनातल्या मनात तो शब्द ढकलत होतो,
घड्याळ, घड्याळ, म्हण ना रे, घड्याळ.

"घ... घरी," तो म्हणाला.

"घरी बाबा सात दिवस असतात.
एकवीस दिवस अल्बर्टात, तेलावर.
जायच्या दिवशी पहाटे साडेतीनला गजर होतो.
आई चहा करते. कुणी पीत नाही.
धाकटी त्यांच्या बुटात पाय घालून बसते,
काढ म्हटलं तरी काढत नाही.
बाबांना गजर लागत नाही,
त्या रात्री ते झोपतच नाहीत.
गजर आमच्यासाठी असतो.
तर हे घ... घड्याळ लावायचं.
ते वाजेल, तेव्हा गाडी
चर्चच्या वळणापुढे गेलेली असेल.
चहाही वाया जाणार नाही."

आमच्या वर्गात सव्वीस मुलं.
अकरा जणांचे बाप त्याच विमानाने जायचे.
क्लूनीने बरणी बाकाखाली ठेवली.
किंमत विचारायची असते हे कुणाला सुचलं नाही.
शेवटी बाईच म्हणाल्या, "चला, बोली लावा,"
पण बाईंसारख्या नाही म्हणाल्या.

चार चिमटे आले.
फक्त चार, आणि तेही
ज्यांचे बाप घरी असतात, त्यांचे.
टेस उभी राहिली, छत्री नसलेली छत्री हातात धरल्यासारखी.
"मला नको," म्हणाली. "चांगलं आहे, पण नको.
मला उठायचंच असतं."

"मलाही," गार्लंड म्हणाला.

कुठेच अडकला नाही.

मग तो बाकांमधून फिरला
आणि चारही चिमटे ज्याचे त्याला परत दिले.

बाईंनी त्याला किती गुण दिले, आठवत नाही.
हिमनग त्या रात्री कधीतरी गेला.
आता समोरचं गिऱ्हाईक सही करायला पेन उचलतं
तेव्हा मी कधीकधी उगाच थांबतो,
एका 'घ'एवढा वेळ,
कुणी पेन पुन्हा खाली ठेवतंय का बघत.
साहेबांना हे आवडत नाही.
आमच्या धंद्यात असं करत नाहीत.