त्रेसष्ट

एप्रिलमध्ये नतेलाने दोन टेबलांना नाव ठेवलं,
कुताइसीच्या पाणीकचेरीत, दुसऱ्या मजल्यावर:
झऱ्याची_दैनिक_पातळी_मुखनारी_झेमो
आणि तेच पुन्हा, शेवटी क्वेमो.
झेमो म्हणजे वरचं, क्वेमो खालचं.
मधे दोन किलोमीटर चढण
आणि एका कुरणावरून जुना अबोला.

माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं,
नाव त्रेसष्ट अक्षरांपर्यंत चालेल.
तिने आपल्या लिपीत बोटांवर मोजलं,
एक एकतीस, एक बत्तीस.
निम्मी जागा शिल्लक.

पण यंत्र अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं,
आणि जॉर्जियन अक्षर तीन बाइटांचं.
वीस अक्षरं, एकेका बाइटच्या तीन जोडरेघा,
झाले त्रेसष्ट.
पुढचं गळालं. आवाज नाही.
नोंदवहीत एक बारीकशी सूचना पडली,
नोंदवही कोण उघडतं?

उरलं 'मुखन'.
वरचंही मुखन, खालचंही मुखन.
दुसरं टेबल झालंच नाही,
'आधीच असेल तर राहू दे'
असं तिनेच तर लिहिलं होतं.

ऑगस्टात सेवेरियान खाली उतरला,
खिशात वाळलेलं शेवाळ, झऱ्याच्या तोंडचं.
ते त्याने कीबोर्डशेजारी ठेवलं.
पडद्यावर सरासरी ठीक होती.
खालच्यांचं पाणी वरच्यांच्या खात्यात
चार महिने चढत होतं,
चढणीची पर्वा न करता.

मग कचेरी नतेलाला नावं ठेवू लागली.
ती रात्रभर बसली, एकेक अक्षर खोडत,
कुठे तुटतं ते पाहत.

पुस्तिका सांभाळणाऱ्यांना तिने कळवलं:
'अक्षरे' काढा, 'बाइट' लिहा.
आणि हेही लिहा, की जास्तीचं कापलं जातं.
उत्तर आलं, हे सगळ्यांना ठाऊकच असतं.
तिने एवढंच लिहिलं:
मुखनारीला ठाऊक नव्हतं.

तीन आठवड्यांनी शब्द बदलला.
एक शब्द, आणि खाली अर्धी ओळ.

टेबलांची नावं तिने उलटी करून घेतली:
झेमो आधी, क्वेमो आधी,
मुखनारी त्यानंतर, मग जे तुटायचं ते तुटो.

सेवेरियानला दाखवलं तेव्हा तो म्हणाला,
आम्ही तर असंच म्हणतो.
पहिल्यापासून.

शेवाळ अजून तिच्या टेबलावर आहे.
लाकडाच्या.