उतार

खोली बघायला आली तेव्हा भाडं तिनं नंतर विचारलं.
आधी पिशवीतनं टेप काढला,
चाकाच्या खुर्चीतनंच वाकून उंबरा मापला.
"साडेचार इंच. हा काढावा लागंल, काकू."

मी म्हटलं, बाई, उंबरा हाय तो.
पहिल्या मागाच्या कमाईतनं ह्यांनी बसवला,
सव्वीस दिवाळ्या मी त्याला हळद लावली.
लक्ष्मी येते म्हणतात तो ओलांडून.
"येऊ दे की," म्हणाली,
"खरं मला ओलांडता येत नाही."

वैजयंता मुतगेकर. वय चौतीस.
कचेरीसमोर लिंबाखाली लोकांचे अर्ज लिहिते.
मराठीत सांगा, कन्नडात उतरवून देते,
कन्नडात आलेली नोटीस मराठीत वाचून दाखवते,
आणि घाबरून आलेल्याला आधी पाणी देते.

पाठोपाठ येळ्ळूरहून भाऊ आला.
"आमच्यात काय कमी होतं, विचारा तिला."
"कमी काही नव्हतं, दादा.
खरं इतकी वर्षं माझ्या चहात दोन चमचे साखर पडूलाली,
आणि मला लागते अर्धा."
भाऊ गप्प.
शेजारचे माग खटाखट, त्यांना काय कळतंय.

निंगाप्पा गवंडी म्हणाला, अक्का, स्वल्प उभाच ठेवू,
सिमिट वाचंल.
त्याच्याशी तिनं अस्सल कन्नडात भांडण काढलं:
इंचाला फूट. साडेचार इंचाला साडेचार फूट.
गल्ली गोळा झाली.
उद्या पडली-बिडली तर तुझ्याच दारात पोलीस, म्हणाले मला.
उंबरा जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला,
त्या रात्री झोप नाही.

आणि पडली की.
यल्लम्माच्या पुनवेला, अर्धी गल्ली सौंदत्तीला गेलेली,
लाईट गेलेली, माग बंद.
धावले, काखेत हात घातला.
"हात काढा, काकू. आधी विचारा."
राग आला मला, खोटं कशाला सांगू.
मग काय करू म्हटलं.
"बसा माझ्याजवळ. दम खाते, मग सांगते कुठं धरायचं."

बसले. फरशी गार.
मेणबत्तीच्या उजेडात तिथनं बघितलं माझंच घर:
बटणं आभाळात, कडी आभाळात,
फळीवरचा डबा तर थेट यल्लम्माच्या डोंगरावर.
एवढी वर्षं झाडलेली खोली,
खरं खाली बसून वर कधी बघितलंच नव्हतं.

डावा खांदा नको, म्हणाली, कमरेला धरा,
तीन म्हटल्यावर.
तीन तिनं म्हटलं.

आता बटणं कमरेच्या उंचीला.
सकाळी दोन तास बिल्कीस येते, पगारावर.
हात तिचे, बेत वैजयंताचा.
एकदा मी मधेच बिल्कीसला सांगायला गेले, मेथी निवड,
दोघी माझ्याकडं बघतच राहिल्या.
वांगं शिजूलालं होतं.

कचेरीला अजून तीन पायऱ्या हायत.
त्या काढा म्हणून तिनं अर्ज दिला, दोन्ही भाषांत.
दोन्ही भाषांत उत्तर नाही.
साहेबाची सही लागली की कारकून खाली येतो,
कपाळाला आठ्या घालून.
"येऊ दे," म्हणते, "गुडघे दुखले की तोच अर्ज लिहायला बसंल."

भाऊ महिन्यातनं एकदा येतो.
परवा दारात थांबला, आधी कडी वाजवली.
चहा तिनं केला.
साखर किती, विचारलं त्याला.

उंबरा नाही, मग रांगोळी कुठं घालायची?
उतारावर घालते.
नऊला ती निघते, चाकं रांगोळीवरनंच जातात,
पहिल्यांदा मी ओरडले होते.
आता बघत उभी राहते:
दोन पांढऱ्या रेघा गल्लीतनं निघतात,
पानपट्टीपर्यंत दिसतात,
पुसट होत होत कोपऱ्यावर वळतात.
तिथनं पुढं खड्डे.